उजव्या हाताचं बटण

"तिथे मर्दुमकी दाखवायची नाही. जमत नाही ते जमत नाहीच म्हणायचं, तरच अपंगत्वाची पेन्शन मिळते," असं मी यांना महिनाभर पढवलं होतं. अर्धांगवायूनं उजवा हात लुळा पडला, तरी शिंप्याचा ताठा तसाच! तपासणीच्या खोलीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उजव्या हातानं शर्टचं बटण लावा." शर्ट यांनीच शिवलेला. थरथरती बोटं काजापाशी पोहोचली, बटणाची कड आत शिरली आणि मी सगळं विसरून पुढे झुकले. "अंगठ्यानं ढकला... हं, आलंच!" बटण निसटलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग कागदावर सही केली. "पेन्शन मिळेल." दोघंही उठून बाहेर पडलो. जिन्यात मी यांचं बटण लावलं. सहज लागलं. "काज घट्ट झालंय," हे पुटपुटले. उभ्या आयुष्यात या माणसानं स्वतःच्या शिवणीला पहिल्यांदाच नावं ठेवली. "हो ना," मी म्हणाले, "फारच घट्ट."