सत्यवतीच्या नावानं

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा काशीराम कामोठ्याच्या घरी बायकोसाठी, सत्यवतीसाठी, पेज गाळत होता. पेज तशीच राहिली.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. आता फक्त 'ओसरी'वाल्यांना कळवायचं बाकी होतं. जुन्या, रडतखडत चालणाऱ्या कॉम्प्युटरांसाठी अकरा हौशी माणसांनी लिनक्स या मोफत प्रणालीचं एक मराठी रूप तयार केलं होतं, त्याचं नाव ओसरी. सगळे आपापल्या घरून फुकट काम करायचे आणि शाळांना ते वाटायचे. सत्यवती पहिल्या दिवसापासून त्यात होती.

तिचा पासवर्ड फ्रीजवर चिकटवलेला होता. काशीरामनं ओसरीवरचं तिचं पान उघडलं. नाशिकच्या प्रणितचा निरोप आला होता.

"ताई, नव्या आवृत्तीतले मेनूचे शब्द तपासाल का?"

बाजूला काम करणाऱ्यांची यादी होती. जो थांबेल त्याचं नाव खाली 'माजी'मध्ये जायचं. सत्यवतीचं नाव सगळ्यात वर होतं.

काशीरामनं एकेक अक्षर शोधत टाइप केलं, "तपासते."

त्याची तीस वर्षं टेम्पो चालवण्यात गेली होती. तिच्या शेजारी बसून चहा पिताना जेवढं दिसलं, तेवढंच त्याला येत होतं. बाकीचं तो विचारत गेला. "फाइल कुठे ठेवायची ते विसरले," असं लिहायचा. पनवेलची फिजा पायरीपायरीनं सांगायची. एकदाही वैतागली नाही.

पुसलेल्या फायलींच्या डब्याला त्यानं 'उकिरडा' असं नाव दिलं.

"ताई, उकिरडा?" फिजानं लिहिलं. "शाळेतली पोरं नाक धरून कॉम्प्युटर लावतील!"

"मग तूच सुचव."

"नको, राहू दे. भारी हाय!"

रोज सकाळी आठला तो कामाला बसायचा. तिच्या खुर्चीत नाही, शेजारच्या स्टुलावर. दर दोन दिवसांनी नवं काम यायचं. त्यात दुपार व्हायची, मग भूक लागायची.

"सावरलात हां तुमी, काशीरामभाऊ," शेजारचा हितेश म्हणाला.

"सावरतोय कसला? काम पडलंय रे."

सात महिन्यांनी नवी आवृत्ती निघाली. यादीत सत्यवतीचं नाव वरच होतं. सगळे तिचं कौतुक करायला लागले, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"मी सत्यवती नाय," त्यानं लिहिलं. "तिचा नवरा, काशीराम. ती मार्चमध्ये गेली. तिचं नाव खाली जाऊ नये म्हणून खोटं बोललो. माफ करा."

मग प्रणितचं उत्तर आलं.

"काका, तुम्हाला फक्त ताईंना दिलेली कामं दिसतात. आमची दोषांची यादी उघडा. त्यातली सगळ्यात जुनी, अजून उघडी नोंद वाचा."

ओसरीत सापडलेला प्रत्येक दोष या यादीत नोंदवायची पद्धत होती. ही नोंद बाकीच्या दहाही जणांवर सोपवलेली होती. नोंदवणारी, सत्यवती. तारीख, हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवसाची.

"मी गेल्यावर हे माझ्या नावानं लिहितील. ओळखलंत असं दाखवू नका. काम देत राहा. एकटे पडले की जेवत नाहीत."

त्याखाली लिहिलं होतं : दोष अजून दुरुस्त झालेला नाही.