कॅपिटल अक्षरांत येस

“हळू. आई आत झोपलीय,” चाळिशीतला तो दांडगा मुलगा म्हणाला. त्याने बाहेरच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

कॉम्प्युटर दुरुस्तीवालीने तो खिसा लक्षात ठेवला. परक्या घरात एकटीने जायची तिला सवय होती. आतून कुलूप लावणाऱ्या गिऱ्हाइकाची नव्हती.

खिडकीशी त्याचा बाप बसला होता. हात मांडीवर, नजर फरशीवर.

“बाबा, खुर्चीवरून उठायचं नाही. सांगून ठेवतोय.”

“नाही रे, नाही उठत,” म्हातारा पुटपुटला.

टेबलावर नॅसचा, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीचा, डबा होता. घरातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्यात साठायचं. अपडेट चालू असताना कुणीतरी त्याचं बटण बंद केलं होतं. तेव्हापासून डबा मोबाईलवर दिसेना की नेटवर्कवर.

“डिस्क शाबूत आहे. डब्याची बुद्धी तेवढी गेलीय,” ती म्हणाली.

“बुद्धी गेलेले या घरात पुष्कळ आहेत,” बापाकडे रोखून बघत तो म्हणाला. “तुम्ही डब्याचं बघा.”

तिने झाकण काढलं. बोर्डावरच्या पिनांना सिरीयल केबलच्या तीन वायरी जोडल्या, दुसरं टोक लॅपटॉपला लावलं. आधी पडद्यावर नुसता कचरा आला. केबलचा वेग जुळवल्यावर ओळी धड दिसायला लागल्या. डबा अर्ध्यावर अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. नेमक्या क्षणी कळ दाबून तिने त्याला थांबवलं आणि लॅपटॉपवरून नवी सिस्टीम पाठवली.

तो मागेच उभा होता. त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता.

“काय लिहिलंय?”

“उठतोय, असं.”

“संध्याकाळच्या आत पाहिजे. धाकटी बहीण येतेय. यांचं सोंग तिला एकदा दाखवायचंय.”

आतून खोकला आला. तो पळतच आत गेला.

“पोरी,” म्हातारा कुजबुजला. “चालू करू नकोस गं.”

“का हो काका?”

“त्यात मी आहे. उठताना पडतो, कपडे खराब होतात. ते सगळं लेकीला दाखवून हा मला वेडा ठरवणार. कुठल्यातरी आश्रमात नेऊन टाकणार. पाया पडतो तुझ्या.”

आणि खरंच तो खुर्चीतून वाकायला लागला.

तिच्या डोक्यात सणक गेली. असले दिवटे तिने ढिगाने पाहिले होते. बापाच्या छपराखाली फुकट राहायचं आणि बापाच्याच ओल्या धोतराचा सिनेमा काढायचा! थू तुझ्या जिनगानीवर.

डबा उठला होता. डिस्कला सांकेतिक कुलूप होतं, आणि त्या कुलपाची किल्ली डिस्कच्या सुरुवातीच्या इवल्याशा जागेत होती. ती पुसली की उरलेलं सगळं माती. तिने हुकूम टाईप केला.

नक्की? पडद्याने विचारलं. नक्की असेल तर कॅपिटल अक्षरांत येस लिहा.

आतलं दार करकरलं. तिने घाईने लिहिलं, छोट्या अक्षरांत. पडद्याने नाकारलं. पावलं जवळ आली. पकडलं तर हा इथेच गाडेल. तिने हुकूम पुन्हा दिला, या वेळी कॅपिटलमध्ये लिहिलं. पडद्याने मानलं.

“झालं?” तो अगदी मागे होता.

पडद्यावर काय चाललंय ते फक्त तिलाच कळत होतं. तेवढाच तिचा आधार.

“नाही. डिस्कच गेली. आता कुणाच्या बापाला परत येणार नाही.”

तिने खांदे आवळून घेतले. आता हाणणार.

त्याने हात उचलला नाही. भिंतीला टेकून तो खाली बसला. एवढा मोठा बाप्या, पण हनुवटी लटलटत होती.

“कॅमेरा आईच्या खोलीत होता,” तो म्हणाला. “धाकटीला मी खोटारडा वाटतो. पुरावा नसेल तर मलाच घराबाहेर काढणार आहे ती, आजच. मग आईजवळ यांच्याशिवाय कुणी नाही.”

म्हातारा खुर्चीतून ताडकन उठला. आतल्या खोलीकडे जाता जाता दुरुस्तीवालीच्या डोक्यावरून त्याने मायेने हात फिरवला.

“सुखी राहा पोरी. रेकॉर्डिंग नाही म्हणजे आता घाई नाही. धाकटीने याला बाहेर काढलं, की निवांत दाबतो आतल्या म्हातारीच्या तोंडावर उशी.”