अंबुबाईची खुडूक

"बादलीत दोनदा बुडव, आपोआप उठंल," ज्योतीराम बायकोला म्हणाला.

अंबुबाईने तांबड्या कोंबडीवर डालं पालथं घातलं. "खुडूक झालीया ती. बसायचं म्हनतीया, तर बसू द्या. तुमी अंडी आना."

ज्योतीरामने वाद घातला नाही. रणजीतला परदेशी नोकरीवर जाऊन तीन वर्षं झाली होती. लेक रविवारी फोनवर दिसायचा, पुढच्या दिवाळीला येतो म्हणायचा, आणि दिवाळी निघून जायची. रणजीत पूर्वी ज्या बसने कामावरून यायचा ती कंपनीची बस घरासमोर थांबली की अंबुबाई अजून दाराकडे बघायची. तिचं जेवणात लक्ष नव्हतं. पोराची ओढ तिला आतून खात होती, आणि ज्योतीराम मनोमन स्वतःलाच दोष देत राहायचा.

परसात तीन कोंबड्या होत्या, कोंबडा नव्हता. शेजारच्या सोसायटीने आरवण्याची तक्रार केली, तेव्हा तो पाहुण्यांना देऊन टाकावा लागला होता. म्हणून ज्योतीरामने चाकणातून गावठी म्हणून नऊ तपकिरी अंडी आणली. दुसऱ्या कोंबड्यांनी तिथेच घातलेली वेगळी कळावीत म्हणून अंबुबाईने या नऊ अंड्यांवर कोळशाने खुणा केल्या. रोज दुपारी ती कोंबडीला उचलून बाहेर घ्यायची, दाणापाणी द्यायची, पुन्हा बसवायची. हळूहळू तीही चार घास जास्त खाऊ लागली.

आठव्या दिवशी ती दळणाला गेली असताना ज्योतीरामने अंधाऱ्या खोलीत एकेका अंड्याला बॅटरी लावून पाहिली. नऊच्या नऊ कोरी. एकातही लाल शीर दिसेना. दुकानदाराने त्याला चांगलंच बनवलं होतं. रंग गावठी, माल पोल्ट्रीचा.

तिला सांगायची त्याची छाती झाली नाही. ती तर बोटांवर दिवस मोजत होती.

विसाव्या दिवशी संध्याकाळी अंबुबाई भजनाला गेली. राजगुरुनगरच्या बाजूला जाऊन आणलेलं एक दिवसाच्या पिल्लांचं खोकं घेऊन ज्योतीराम खुराड्यापाशी बसला. एक अंडं काढायचं, एक पिल्लू सरकवायचं. असलं काम त्याने आयुष्यात एकदाच केलं होतं, आणि तेव्हा कुणाला पत्ता लागला नव्हता. कोंबडी जरा फुगली, गुरगुरली, मग पिल्लांना पोटाखाली घेऊन स्वस्थ बसली.

सकाळी परसभर चिवचिवाट होता. अंबुबाई खुराड्यासमोर फतकल मारून बसली. एक पिल्लू ओंजळीत घेऊन तिने गालाला लावलं आणि कितीतरी दिवसांनी ती हसली. ज्योतीरामला भरून आलं.

"बघ, म्हनलं न्हवतं? अंडी चांगली हुती."

"सातव्या दिशी मीबी बॅटरी लावली हुती," ती शांतपणे म्हणाली. "समदी मोकळी हुती."

ज्योतीराम खाली बघू लागला. "मग बोलली का न्हाईस?"

"तुमी कायतरी करनार, ठाव हुतं मला."

तिने ओंजळीतलं पिल्लू कोंबडीच्या पंखाखाली सोडलं.

"दवाखान्यात आपलं गार पडल्यालं पोर उचलून नेलंत, अन् रणजीतला माज्या कुशीत आनून ठेवलंत, तवाबी मी जागीच हुते."