अकरा नंबरचा डाग

“राँग नंबर,” पलीकडचा माणूस खेकसला आणि त्याने फोन आपटला.

सकाळपासूनचा हा तिसरा. टेक्निशियन बाईने यादीवर बोट ठेवलं आणि आकडे पुन्हा एकेक करून दाबले. बावीस माणसं. प्रत्येकाला तेच सांगायचं : तुमच्या डोक्याचा एमआरआय पुन्हा करायचाय, मशीनची चूक होती.

कसली चूक, ते कंपनीने चार पानं भरून लिहिलं होतं. पेशंटना आत-बाहेर नेणाऱ्या म्हाताऱ्या मामांनी ते एका वाक्यात उरकलं : “एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर.” आधीची चित्रं साठवून व्हायच्या आत पुढचा पेशंट उघडला, की कधीकधी आधीच्याची चित्रं पुढच्याच्या नावावर बसत. सोमवारी इंजिनिअर नवं सॉफ्टवेअर घालून गेला. जुन्याच्या घोळात सापडलेल्यांची यादी कंपनीने नोंदणी क्रमांकांवरून काढून पाठवली.

क्रमांक ४

“परत? का गं, मागच्या वेळी डोकं घरी विसरले होते का मी?” आजी फोनवर म्हणाल्या.

“तुमचं होतं आजी, आमचंच जागेवर नव्हतं.”

“आवाज दमलाय तुझा. जेवलीस?”

ती जेवली नव्हती. सकाळी तिच्या हातून नवऱ्याच्या चहात मीठ पडलं होतं. त्याने अर्धा कप निमूट प्यायला आणि मग म्हणाला, “रजा घे बाई. नाहीतर उद्या डब्यात साबण मिळायचा.” तिला हसूही आलं नव्हतं.

“गोळा आला का?” मामांनी दारातून विचारलं.

मशीन तपासायचं तर आत पाण्याने भरलेला एक गोळा ठेवतात. इथल्या गोळ्याला तडा गेला त्याला दोन महिने झाले होते.

“मागवलाय.”

“म्हणजे तोवर आपलीच डोकी. सोमवारी मीच झोपलो. इंजिनिअरला विचारलं, काय निघालं आत? म्हणतो, गोळ्यापेक्षा बरं पाणी आहे.”

ती फाईल आणायला उठली. डावा खांदा चौकटीवर आपटला.

“चौकट कालही तिथंच होती, बाई.”

“मीही कालपासून इथंच आहे, मामा.”

क्रमांक ११

घड्याळं दुरुस्त करणारा. बायकोला घेऊन आला. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या रिपोर्टात डाग निघाला होता : उजवीकडे, वाटाण्याएवढा. ऑपरेशन परवावर आलं होतं.

“गिऱ्हाइकांची सगळी घड्याळं परत केली,” तो टेबलावर आडवा होत म्हणाला. “एकच राहिलंय. ते कुणाचं, तेच आठवेना. डागामुळे असेल.”

“वयामुळे असेल,” बायको दारातून म्हणाली.

बाईने त्याच्या डोक्याभोवती उशा खोचल्या. पंचवीस मिनिटं मशीन ठोकत राहिलं. काचेमागे डॉक्टर एकेक चित्र सरकवत होते. उजवीकडे काही नव्हतं. डावीकडेही नव्हतं.

डॉक्टरांनी बाहेर येऊन ते सांगितलं. बायकोने त्याचे बूट त्याच्या पुढ्यात आणून ठेवले. “घाला. तीन आठवडे मेलं भांडताही आलं नाही तुमच्याशी. चला घरी.”

ते गेले. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“डाग खोटा नाही, ताई. फक्त ह्यांचा नाही. ज्याचा आहे तो खुशाल हिंडतोय, आणि तीन आठवडे फुकट गेलेत. अकराच्या आधी कोण?”

तिने यादी पाहिली. “दहा. रिपोर्ट स्वच्छ दिलाय आपण.”

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“आजच बोलवा,” डॉक्टर म्हणाले.

क्रमांक १०

“माझं तर चांगलं आलं होतं ना?” शिवणकामवाली फोनवर म्हणाली. “मग परत कशाला?”

“सगळ्यांचंच करतोय.”

“खरं सांगा हं. लेक एकटी आहे माझी, सहावीत.”

“सगळ्यांचंच करतोय,” बाई पुन्हा म्हणाली. सकाळपासून तिचं स्वतःचं डोकं ठणकत होतं.

शिवणकामवाली तासाभरात आली. गळ्यातली मोजायची टेप तशीच होती. मामांनी ती हळूच काढून घेतली. “आमची मापं घ्यायची नाहीत.” ती हसली. बाईने तिला पाणी दिलं. तिला तहान लागलेली नव्हती, तरी ती प्यायली.

या वेळी डॉक्टरांनी चित्रं दोनदा पाहिली. मग पहिल्यापासून पुन्हा एकदा.

“काही नाही,” ते म्हणाले. “हिचंही डोकं निर्मळ आहे.”

टेप गळ्यात घालून ती गेली. जिन्यात तिने लेकीला फोन लावल्याचं आतपर्यंत ऐकू आलं.

“मग डाग आला कुठून?” बाई म्हणाली.

क्रमांक नाही

डॉक्टरांनी कंपनीची यादी बाजूला सारली आणि मशीनचीच नोंद उघडली. तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या दिवशीची.

दुपारी एक वाजून दहा : शिवणकामवाली. दोन वाजून पाच : घड्याळवाला.

मधे आणखी एक ओळ. एक वाजून चाळीस. भाग : डोकं. नाव : चाचणी.

“हे यादीत कसं नाही?”

“त्याला नोंदणी क्रमांक नसतो, सर. त्या दिवशी टेबल दुरुस्त केलं होतं. नंतर तपासून पाहिलं आम्ही.”

“काही दिसलं नव्हतं?”

“स्वच्छ होतं...” ती म्हणाली आणि थांबली. स्वच्छ होतं, कारण ते शिवणकामवालीचंच होतं.

“झोपलं कोण होतं?”

“मामा असतील.” तिने चहाच्या कपाकडे डावा हात नेला. कप वीतभर पलीकडे होता.

चाचणीच्या पाळ्या लिहायची वही खिळ्याला टांगलेली असे. मामांनी ती काढली, बोट ओलं करून पानं उलटली, तारखेवर बोट ठेवलं. ओठ हलले, पण त्यांनी वाचून दाखवलं नाही. वही मिटली, आणि खुर्ची ओढून बाईच्या मागे लावली.

“तुम्ही आधी बसा,” ते म्हणाले.