दोन गाड्यांची एक

“शंभरच्या पुढे गेली की थरथरत नाही ना?” गिऱ्हाइकाने विचारलं.

“पोटातलं पाणी हलणार नाही,” दाजी म्हणाला आणि पांढऱ्या बॉनेटवरून त्याने तळहात फिरवला. रंग कालच वाळला होता.

मागच्या चाकाचे नट आवळणाऱ्या वेल्डरचा हात थांबला. दाजी त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. गॅरेज दाजीचं, हात वेल्डरचे. बहीण गाडीतच होती, मागच्या सीटवर नवं कव्हर ओढून चढवत.

“दाजी,” वेल्डर म्हणाला, “ही दुकानासमोर नुसती उभी करायची होती ना? जाहिरातीसाठी?”

“तू नट आवळ.”

“आमचा घाटाचा रस्ता आहे,” गिऱ्हाईक म्हणालं. “बायको असते, म्हातारी आई असते. म्हणून आपलं विचारून घेतो.”

वेल्डर उठून उभा राहिला. “घेऊ नका ही.”

दाजी हसला. “मेहुणा आहे आमचा. कामाला वाघ, पण तोंडाला लगाम नाही. या, आतून बघून घ्या.”

“ही एक गाडी नाही. पुढचा अर्धा भाग एकीचा, मागचा दुसरीचा. दोन्ही अपघातातल्या. भंगारातून स्वस्तात उचलल्या आणि मी मधे कापून जोडल्या.” वेल्डरने पुढचं दार उघडलं, कडेचं रबर उपटलं, खालचा गालिचा टराटरा फाडला. पत्र्यावर वेल्डिंगची आडवी, बोटभर जाड शिवण होती. “उभी राहायला ठीक आहे. घाटात एखादा खड्डा जोरात लागला की इथून उघडेल.”

बहिणीचा हात कव्हरच्या दोरीवर थबकला. तिलाही जाहिरातीचंच सांगितलं होतं.

दाजीने जॅकचा लोखंडी दांडा कधी उचलला ते कुणाला कळलं नाही. पहिला फटका वेल्डरच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. डोकं खाली घालून वेल्डरने दाजीच्या छातीवर धडक दिली. दोघं हत्यारांच्या फळीवर आदळले, पाने आणि नट फरशीभर सांडले. दाजीने त्याला केसांना धरलं आणि गाडीच्या दारावर आपटलं. परत आपटलं. पांढऱ्या रंगावर रक्ताचा पंजा उमटला आणि खाली ओघळत गेला.

“माझं खातोस,” दाजी धापा टाकत म्हणाला, “आणि माझंच गिऱ्हाईक...” पुढचं बोलायच्या ऐवजी त्याने लाथ घातली. मग बरगड्यांवर आणखी एक.

बहीण उतरून मधे पडली. “अहो, मरेल तो.” दाजीने वळून न बघताच कोपर मागे मारलं. ते तिच्या तोंडावर बसलं. ती भिंतीशी जाऊन पडली आणि ओठ हाताने दाबून तिथेच बसून राहिली.

गिऱ्हाईक दारापर्यंत मागे सरकलं होतं, पण गेलं नव्हतं. आता ते पुढे आलं. बुटाला रक्त लागणार नाही असा पाय टाकत, वाकून त्याने शिवण नीट पाहिली.

“घरी वापरायला मी नाही घेणार आता,” ते म्हणालं. “पण गालिचा नीट चिकटवून द्याल तर पुढे दुसऱ्या कुणाला खपवता येईल. किमतीचं मात्र बघावं लागेल.”

दाजीचा दांडा खाली आला. त्याने हात पँटला पुसला. “बसून बोलू की.”

वेल्डरने हे फरशीवर पडल्या पडल्या ऐकलं. कोपरांवर सरकत तो पत्रा कापायच्या ग्राइंडरपर्यंत गेला. एकट्या डाव्या हाताने त्याने तो उचलला, मागची बाजू काखेत दाबली, गुडघ्यांवर उठला आणि फिरती चकती शिवणीला लावली. ठिणग्या आत उडाल्या. नवं कव्हर जळाल्याचा वास सुटला.

दाजीने धावत जाऊन भिंतीवरचं ग्राइंडरचं बटण खाडकन बंद केलं. मग तो गाडीच्या उघड्या दारात, शिवण अडवून उभा राहिला. “आता हात लावलास तर डोकं फोडीन.”

वेल्डरने ग्राइंडर खाली ठेवला नाही.

बटण बहिणीच्या डोक्यावरच होतं. भिंतीचा आधार घेत ती उठली आणि तिने ते दाबलं.

दाजीने बायकोकडे पाहिलं. “बंद कर.”

“त्याला वाट द्या,” ती म्हणाली. बोलताना ओठातून रक्त आलं.

दाजीने दांडा वर उचलला. वेल्डरने चकती मागे घेतली नाही. दाजीची पँट फाटली, मांडीतून रक्त उडालं, आणि तो लंगडत बाजूला जाऊन फरशीवर बसला.

कापायला बराच वेळ लागला. एका हाताचं काम ते. मधे दोनदा वेल्डरने कपाळ पत्र्याला टेकून दम घेतला. कुणी जवळ आलं नाही. शेवटी गाडी करकरली आणि तिचं पोट खाली बसलं.

गिऱ्हाइकाने पुढच्या बाजूने एक चक्कर मारली, बॉनेट उघडून आत डोकावून पाहिलं.

“इंजिन चांगलं दिसतंय,” ते म्हणालं. “पुढचा तेवढाच भाग सुटा द्याल?”

मांडी दोन्ही हातांनी आवळून धरलेल्या दाजीने तोंड उघडलं आणि बायकोकडे पाहिलं. ग्राइंडर अजून घरघरत होता. तिने बटणावरचं बोट काढलं नव्हतं.