स्क्रीन काळी पडली तर

यंत्रमागांच्या नारपोलीत काळूरामशेठच्या ऑफिसात साड्यांची डिझाईनं करायला एकच कॉम्प्युटर होता. तोही लूमसारखा दोन शिफ्टमध्ये चालायचा. दिवसा करिष्मा, रात्री तिचा नवरा विपुल. एक साडी स्क्रीनवर उलगडेस्तोवर चहा गार व्हायचा. म्हणून आज करिष्माने लिनक्समधला, स्क्रीनवर चित्र उमटवणारा फुकटचा ग्राफिक्स ड्रायव्हर काढून ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीचा टाकला. विपुलने बजावलं होतं, "नसती उठाठेव करू नको. स्क्रीन काळी पडली तर शेठ घरी बसवतील."

कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि स्क्रीन काळीच राहिली. कोपऱ्यात नुसती एक पांढरी रेघ लुकलुकत होती. नेमके तेव्हाच शेठ मागे येऊन उभे राहिले. करिष्माने आठवेल ती कमांड टाईप केली, मनातल्या मनात वज्रेश्वरीला नवस बोलली आणि बटण दाबलं.

स्क्रीन उजळली. माऊस हलवताच साडी पदरापर्यंत झर्रकन उलगडली.

"शाबास पोरी!" शेठ खूश होऊन म्हणाले. "एवढं झटपट व्हतंय, तर तू एकटीच उरकशील की. आता रातची शिफ्ट कशाला पायजे?"