रीतसर बंद

किशोर पुण्यात नोकरीला, आणि त्याच्या वेबसाइटचा सर्व्हर नालवाडीच्या घरात. घरात त्याचे वडील दौलतराव, एकटेच. सर्व्हर बंद पडला की किशोरला घरी फोन करावाच लागायचा.

"बाबा, लाइट गेलती का?"

"हो ना बापा, गेलती. आता करतो चालू. तू जेवला का? भाजी कायची होती?"

सर्व्हर चालू होईपर्यंत चार-पाच मिनिटं बोलणं व्हायचं. तेवढंच.

या महिन्यात तो नवव्यांदा बंद पडला. वैतागून किशोरने घरी इन्व्हर्टर बसवायचं ठरवलं. सर्व्हर चालू झाल्यावर त्याने सहज एक कमांड टाकून बंद-चालूची यादी काढली. लाइट गेली की मशीन धाडकन बंद पडतं, नोंद करायलाही त्याला सवड मिळत नाही. इथे तर नऊही वेळा कोणीतरी कमांड टाइप करून, रीतसर बंद केल्याची नोंद होती.

ती कमांड पुण्याला निघताना त्यानेच कागदावर लिहून मशीनला चिकटवली होती. खाली लिहिलं होतं, "बाबा, डायरेक्ट बटन दाबू नका, माह्यं काम खराब होते."